‘लेडी’ शब्दामागे कुंभकोणमपर्यंत

कुंभकोणमला माणसं देवळं पाहायला जातात, नवस फेडायला जातात. मी गेले एका इंग्रजी शब्दासाठी. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, इंग्रजी शब्दासाठी विलायत सोडून तिकडे कशाला? म्हणून आधी तेच सांगते.

मी सांगलीला कॉलेजात इंग्रजी शिकवते. घरातल्या वस्तू आणि माणसं यांची इंग्रजी नावं मुळात कुठून आली, यावर माझा प्रबंध चालला होता. त्यातलं मुख्य प्रकरण ‘लेडी’ या शब्दावर होतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘ह्लॅफ्दिगे’ असा होता. त्यातलं ‘ह्लॅफ्’ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’. आणि ‘दिगे’ म्हणजे, पंडितांच्या मते, मळणारी. गॉथिक या फार जुन्या भाषेत ‘दिगन्’ म्हणजे मळणे, जर्मनमध्ये कणकेच्या गोळ्याला ‘टाइग’ म्हणतात, इंग्रजीत ‘डो’. आपला ‘देह’सुद्धा याच मुळाचा, माखून-लिंपून केलेला. तेव्हा लेडी म्हणजे पावाची कणीक मळणारी बाई. मला हा शब्द फार आवडला होता.

अडचण एकच होती. ‘दिगे’ हा शब्द एकटा, स्वतंत्र असा कुठल्याच जुन्या ग्रंथात सापडत नाही. सगळा अंदाज. पक्का अंदाज, पण अंदाजच. आणि मला एका जुन्या नियतकालिकात एक लेख मिळाला, ज्यात तो स्वतंत्र सापडल्याचं चक्क वाक्यासकट लिहिलं होतं. लेखक होते प्रोफेसर वेंकोबराव, कुंभकोणमचे. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत राहून शिकलेले, आता निवृत्त. नावावरून मराठी वाटले म्हणून मी मराठीतच पत्र टाकलं. उत्तर आलं, तेही मराठीत, दोनच ओळींचं: ‘पत्रीं लिहितां येत नाहीं. समक्ष यावें, दाखवितों.’

नाताळची सुट्टी लागली आणि मी निघाले. आंध्र वेगळा होऊन दोन वर्षं झाली होती, गाडीत सगळे भाषांच्या राज्यांवर भांडत होते. मी खिडकीशी बसून माझ्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद मनात लिहीत होते.

मेलकावेरी

स्टेशनवर मी एका झटकेवाल्याला, म्हणजे तिकडच्या टांगेवाल्याला, म्हटलं, “मेलकावेरी. राव. मराठी राव.” त्याने मान डोलावली आणि मला त्या भागातल्या एका घरासमोर उतरवलं. तिथले राव तेलुगू निघाले. दुसऱ्या घरचे राव कानडी बोलत होते. तिसऱ्या घरी कोणीच नव्हतं. चौथ्या घरापुढे एक साठीची बाई उभी होती. अंगणात तांदळाच्या पिठाची भलीमोठी रांगोळी, तिच्या मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. त्यांचा मार्गळी महिना चालू होता, रोज दारात अशी रांगोळी घालण्याचा. आमच्याकडे रांगोळीत शेणाचा गोळा ठेवला तर सासू बोलेल.

मी विचारलं, “वेंकोबरावांचं घर हेच का?”

“हेंच. सांगलीची काय तुम्ही? गरांत या.”

मी क्षणभर थबकले. गरात? आमच्याकडे गर फणसाचा असतो.

“गरांत या मुली, पाय दुवा,” त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मग मला उमगलं. त्या ‘घर’ म्हणत होत्या. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून त्यांच्या जिभेवरून घ, ध, भ ही अक्षरं पुसली गेली होती. शब्द मात्र असे, की माझ्या पणजोबांच्या पत्रांत शोभावेत. ‘विचारणे’ला ‘पुसणे’, ‘झालं’ला ‘जाहलें’. मला त्यातलं अर्धं कळे आणि कळलेल्यातलं निम्मं चुकीचं निघे.

मी त्यांना ‘काकू’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “मामी म्हणा. इकडे सगळ्यांस मामीच म्हणतात.”

पितळी पेल्यात वरपर्यंत फेसाळलेली कॉफी देऊन मामींनी मला आतल्या खोलीत नेलं. खाटेवर एक गोरे, उंच वृद्ध गृहस्थ उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, ओठाचा एक कोपरा उतरलेला.

“एकवीस दिवस जाहले,” मामी म्हणाल्या. “अर्दांगवायु. तुम्हांस कागद टाकिला होता, पोंचला नाहीं काय?”

पोचला नव्हता.

पुढचं ऐकून मी पायांखालच्या लादीकडे पाहत राहिले. या माणसाला इंग्रजी येत होतं, जर्मन येत होतं, संस्कृत, गॉथिक, आणि तमिळ तर गल्लीची भाषा. झटक्यात सगळं गेलं. शेजारी समाचाराला येत, तमिळमध्ये बोलत, आणि ते नुसते पाहत राहत. उरली होती ती आईकडून घेतलेली घरातली मराठी, आणि तीही बोलायला चार-सहा शब्दांपुरती.

“सर,” मी वाकून म्हटलं, “मी सांगलीहून आले. ‘लेडी’साठी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे पूर्ण जागे होते. ओठ हलले.

“नाहीं,” ते म्हणाले. “ओळ. ओळ मोडली.”

मामींनी पदर तोंडाला लावला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मागाहून जेवताना त्यांनी मला सांगितलं. केळीच्या पानावर भात, वांग्याची आंबटसर रसवांगी आणि उडदाच्या डांगराची दह्यातली पचडी होती. मी पोळीची वाट पाहत होते आणि ती येणार नव्हती. “आम्हांस मूल नाहीं,” मामी म्हणाल्या. “एक होता, सातवे वर्षीं गेला. तेव्हां हे एक अक्षर बोलले नाहींत. आतां वाचा गेली आणि हेंच एक राहिलें. ओळ मोडली. कुळाची ओळ. दिवसांतून वीसदां म्हणतात. पण मीं दीर सोडिला नाहीं.”

त्यांना दीर होता हे मला ठाऊक नव्हतं. तो कुठे असतो आणि त्याला त्यांनी का सोडला नाही, हे विचारणं बरं दिसेना. संध्याकाळपर्यंत मी त्या दिराचा विचार करत होते.

नाचियार्कोविल्

वेंकोबरावांची सगळी टिपणं एका लाकडी पेटीत होती आणि ती पेटी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकडे, नाचियार्कोविल्‌च्या सुंदरम् मास्तरांकडे होती. टिपणं नीट लावून द्यायची म्हणून त्यांनी ती वर्षापूर्वी नेली होती. मामी म्हणाल्या, तीच घेऊन या, तुमचें काम त्यांतच असेल.

सकाळी बसमध्ये जागा मिळाली ती एका मोठ्या हंड्याशेजारी. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरं. हिरवं इतकं, की आमच्या कृष्णाकाठचा ऊस त्यापुढे मळका वाटावा. आणि त्या हिरव्याकडे पाहताना मला एकदम तो दीर सापडला. दीर नव्हे, धीर! ‘मी धीर सोडला नाही.’ मी एकटीच हसले आणि मग हसू आवरलं, कारण त्या बाई काय सांगत होत्या आणि मी काय ऐकत होते.

तेवढ्यात दुसरंही काही डोक्यात आलं. आपली ‘विधवा’ आणि इंग्रजीची ‘विडो’ एकाच मुळाच्या. आपला ‘भ्राता’ आणि त्यांचा ‘ब्रदर’ही. संस्कृताने ध आणि भ जपले, जर्मन कुळातल्या भाषांच्या जिभेवरून ते गेले आणि द, ब उरले. वर्गात मी हे फळ्यावर दहा वेळा लिहिलं आहे. पण ध चा द झाला की माणसांचं किती चुकत असेल, किती दीर आणि धीर एकमेकांत मिसळत असतील, हे मला त्या दिवशी बसमध्ये कळलं.

सुंदरम् मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. घराशेजारीच पितळेच्या समया ओतायचा कारखाना होता. ओतकामाचा धूर आणि कानशीचा आवाज त्यांच्या ओटीवर येत होता. आमचं बोलणं इंग्रजीत झालं; कुंभकोणमला आल्यापासून पहिल्यांदाच मला समोरच्याचं सगळं समजत होतं.

“दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगतो,” मास्तर म्हणाले, “की एका इंग्रजी शब्दाचा पुरावा इंग्रजांना सापडला नाही, जर्मनांना सापडला नाही, तो आपल्या गावच्या माणसाला सापडला. मुलं ताठ बसतात. तुम्ही ते प्रबंधात लिहिणार ना?”

“लिहिणार म्हणूनच आले.”

“पेटीतली इंग्रजी आणि जर्मन टिपणं मी लावली आहेत. पण पुष्कळ कागदांवर एक वेगळीच लिपी आहे. ती इथे कोणाला येत नाही.”

त्यांनी एक कागद दाखवला. मोडी! माझे वडील कचेरीत कारकून होते. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी मोडी गिरवली होती. “ही मला येते,” मी म्हटलं. मास्तरांनी हात जोडले. मला संकोच वाटला.

परतताना पेटी बसच्या टपावर चढवली. एका वळणावर ती घसरली, खाली पडली आणि झाकण उघडलं. कागद खाचराच्या बांधावर, काही पाण्यात. बांधावरून चाललेल्या तीन बायका ओरडत आल्या, गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि एकेक कागद उचलून पदराने टिपून मला देऊ लागल्या. त्या काय बोलत होत्या देव जाणे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एकही कागद गेला नाही, पण मास्तरांनी वर्षभर लावलेला क्रम गेला.

पुन्हा मेलकावेरी

दुसऱ्या दिवशी मामी सकाळीच साक्कोट्टैला निघाल्या. तिथल्या शंकराला त्यांनी अभिषेक बोलला होता. “आम्ही वैष्णव,” त्या म्हणाल्या, “पण दुकण्यांत कोण देव पुसत बसतो?” दुखण्यात, मी मनात सुधारून घेतलं. आता सवय होऊ लागली होती.

मी खोलीभर कागद वाळत घातले आणि एकेक वाचू लागले. वेंकोबराव खाटेवरून पाहत होते. मी कागद उचलला की ते डाव्या हाताने ‘पुढे’ अशी खूण करत. गॉथिक शब्दांची यादी: पुढे. जर्मन पत्र: पुढे. धोब्याला दिलेल्या कपड्यांची यादीही गॉथिकमध्ये होती. त्यावर त्यांचा अर्धा चेहरा हसला. पुढे.

तास दीड तासाने एक लहानसा, चौकोनी मोडी कागद हाती आला आणि त्यांचा हात थांबला.

“ओळ,” ते म्हणाले.

मी वाचू लागले. पहिल्यांदा वाटलं माझी मोडी कच्ची पडतेय. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

त्यात लिहिलं होतं की, मूळ ग्रंथाच्या पानाचे छायाचित्र इतक्या वर्षांनी पाहावयास मिळाले. ‘दिगे’ हा शब्द तेथे स्वतंत्र नाही. मागील ओळीच्या अखेरीस ‘ह्लॅफ्’ आहे, पुढील ओळीच्या आरंभी ‘दिगे’. शब्द एकच, मध्ये ओळ मोडली. तरुणपणी घाईत नक्कल करताना मी मागील ओळ पाहिली नाही. लेख चुकला. कळवावे.

‘कळवावे’ हा शब्द खाली आणखी दोनदा लिहिला होता, वेगवेगळ्या शाईने.

 माझ्या प्रकरणाचा कणा त्या एका वाक्यावर उभा होता, आणि ते वाक्य नव्हतंच. मला आधी काय सुचलं तेही प्रामाणिकपणे सांगते. मला सुचलं की या गावात मोडी कोणाला येत नाही. लेख छापलेला आहे, त्याचा आधार देऊन मी मोकळी होईन. मामींना कशाला कळायला हवं? सुंदरम् मास्तरांच्या वर्गातली मुलं ताठ बसतात, बसू देत. एका आजारी माणसाची चूक चव्हाट्यावर कशाला मांडायची? ही दया होती की माझी सोय, हे तेव्हा मला ठरवता आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

वेंकोबराव माझ्याकडे पाहत होते. मी कागद इतर कागदांत सरकवला. त्यांनी डावा हात जोरात खाटेवर आपटला.

“नाहीं!”

तेवढ्यात मामी आल्या. हातात विभूतीची पुडी, चेहरा उन्हाने लाल. “काय जाहलें? कां रागें बरले?”

“एक टिपण सापडलं,” मी म्हटलं.

“वाचा मग. मला बाळबोद येतें, पोती वाचतें. हें मोडी येत नाहीं. मोट्यानें वाचा.”

मी वेंकोबरावांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. होय. मग मी वाचलं, अगदी शेवटच्या तिसऱ्या ‘कळवावे’पर्यंत. वाचताना मामींकडे बघायचं मी टाळलं. नवऱ्याच्या नावाला गावात जो मान होता तो या एका शोधाचा होता, आणि मी तो त्यांच्याच घरात बसून खाली उतरवत होते.

मामींनी विभूतीची पुडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “ओळ म्हणजे... ही ओळ? कागदाची?”

“होय मामी. कागदावरची.”

“आमच्या कुळाची नव्हे?”

मला काही क्षण कळेचना की त्या काय विचारतायत. कळलं तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे धरला.

“नव्हे,” मी म्हटलं. “तो शब्द दोन ओळींत तुटला होता. ते चूक झाली म्हणून सांगत होते. मला सांगायचं होतं म्हणून बोलावलं होतं.”

मामींनी तोंड पदरात लपवलं. आधी वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, मग खरंच रडू लागल्या, मग खाटेकडे वळून मोठ्याने बोलू लागल्या. “तेवीस दिवस! तेवीस दिवस मीं चुलीपुडें बसून रडतें, देवास पुसतें, माजें काय चुकलें म्हणून, आणि तुम्ही त्या परक्या बाईच्या कणकेसाटीं ओळ ओळ करितां? एक कूण तरी करायची होती!”

झटका आल्यापासून त्या त्यांच्यावर रागावल्या नव्हत्या. वेंकोबराव अर्ध्या तोंडाने हसत होते आणि चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी बाहेर ओटीवर जाऊन बसले.

दुपारी मामींनी मला विचारलं, “ती लेडी म्हणजे कणीक मळणारी, हें तरी करें कीं नाहीं?”

“बहुतेक खरं. पण पुरावा नाही.”

“आणि बात शिजविणारीस काय म्हणतात?”

मी म्हटलं, त्यासाठी शब्द नाही. “मग कसली बाशा ती,” मामी म्हणाल्या आणि भाताचं पाणी काढायला गेल्या.

संध्याकाळी मी इंग्रजीत चार ओळींचं पत्र लिहिलं, नियतकालिकाच्या संपादकांना. मग तेच मराठीत वाचून दाखवलं. वेंकोबरावांनी दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा एकाच शब्दाशी. ‘नजरचुकीने’ हा शब्द मी घातला होता. तो खोडेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही. मग डाव्या हाताने सही केली. ती सही कमी आणि ओरखडा जास्त होता. खाली मी ‘समक्ष’ म्हणून माझं नाव लिहिलं.

निघायच्या दिवशी सुंदरम् मास्तर घोडागाडी घेऊन आले. त्यांना सांगावं लागलं. ते बराच वेळ धोतराचा सोगा चाचपत राहिले. “दरवर्षी पहिल्या तासाला...” ते म्हणाले आणि थांबले. मग आत जाऊन त्यांनी गुरूंच्या पायाला हात लावला. स्टेशनपर्यंत ते मला पोचवायला आले. गाडी हलताना ते म्हणाले, “आता पहिल्या तासाला हे पत्र वाचून दाखवीन.” ते मनापासून म्हणाले की मला बरं वाटावं म्हणून, मला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर प्रकरण नव्याने लिहावं लागलं. प्रबंध वर्षभर लांबला. माझे मार्गदर्शक मला म्हणाले की इतक्या लांब जाऊन मी पुरावा आणण्याऐवजी घालवून आले. ते खरंच होतं.

उन्हाळ्यात ते पत्र छापून आलं, शेवटच्या पानावर, बारीक टाइपात. मी अंक कुंभकोणमला पाठवला आणि सोबत त्याचं मराठी, सुवाच्य बाळबोध अक्षरात. महिन्याभराने मामींचं कार्ड आलं. अक्षरं पोथीसारखी, एकेक सुटी:

‘तुमचा कागद पावला. यांस वाचून दाखविला. पुन्हां म्हणाले, पुन्हां वाचिला. तिसरे वेळीं डोळे मिटले होते, निजले म्हणून मीं थांबलें. तेव्हां हात हलविला. मग शेवटपर्यंत वाचिलें.’